हरकतीचा अर्ज

मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये जाहीर झाला, आणि लोक नकाशात आपापली गल्ली शोधू लागले. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तू गायब. कोळीवाडे आणि गावठाणंही नीट दाखवलेली नव्हती. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा दुरुस्त करायला सांगितला, आणि नवा मसुदा २०१६मध्ये आला. हे घडवून आणलं ते चिकाटीने अर्ज लिहिणाऱ्या नागरिकांनी.

हरकत घेण्याचा हा हक्क महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधला आहे: हरकती मागवायच्या, नियोजन समितीने सुनावणी घ्यायची, मगच आराखडा मंजुरीला पाठवायचा. पण नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते. ज्या शेतकऱ्याच्या गटावर आरक्षण पडतं, त्याला ते कित्येकदा मुदत उलटल्यावर कळतं. आम्हाला हा सरळ अन्याय वाटतो. प्रत्येक प्रभागात नकाशा भिंतीवर लागला पाहिजे, आणि तो समजावून सांगणारा माणूस तिथे बसला पाहिजे.

तुमच्या शहराचा आराखडा निघाला असेल तर हरकत लेखी द्या. गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घाला, पोच घ्या, सुनावणीला जा. मैदानाचं किंवा शाळेचं आरक्षण उठत असेल तर त्याविरुद्धही अर्ज करता येतो. त्यासाठी जमीन तुमच्या नावावर असावी लागत नाही.