आपल्या कैद्यांची वकिलात कोणती?

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका विमानातून शस्त्रं टाकली गेली. चार-पाच दिवसांनी तेच विमान हवाई दलाने मुंबईत उतरवलं. ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच आणि विमानाचे पाच कर्मचारी पकडले गेले. किम डेव्ही नावाने वावरणारा मुख्य आरोपी मात्र विमानतळावरूनच निसटला. २००० साली कलकत्त्याच्या कोर्टाने पकडलेल्या सहाही जणांना जन्मठेप दिली.

पुढचं सगळं वकिलातींमधून घडलं. कर्मचारी मूळचे लाटव्हियाचे, तुरुंगात असताना त्यांनी रशियाचं नागरिकत्व घेतलं. रशियाने शब्द टाकला आणि ते त्याच वर्षी सुटले. ब्लीचसाठी ब्रिटनने पाठपुरावा केला, २००४ मध्ये तोही घरी गेला. डेव्हीला आपल्या ताब्यात द्यायला डेन्मार्कच्या कोर्टांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. कारण काय, तर भारतात छळ होण्याची भीती!

हे वाचून राग येतो, यायलाच हवा. पण माफी वेगळी आणि वकिलातीची मदत वेगळी. माफी ही मेहेरबानी, मदत हा हक्क. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ काढून वाचा. परदेशी माणसाला अटक झाली की त्याला हा हक्क विनाविलंब सांगायचा. त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याने त्याला भेटायचं, पत्रं पोचवायची, वकील मिळवून द्यायचा. बस, एवढंच. सांगलीत जन्मलेले कुलभूषण जाधव इराणमध्ये व्यवसाय करत होते, असं भारत सांगतो. त्यांच्यासाठी आपण हेगला गेलो ते याच कलमावर, आणि जुलै २०१९ मध्ये १५ विरुद्ध १ मतांनी निकाल मिळवला.

आता हीच कामं आपल्या तालुक्यात कोण करतं? श्रीपूरचा एखादा पोरगा रात्री उचलला, तर कायदा त्याच्याही बाजूने आहे. नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, आणि कोठडीतल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. पण हे सांगायला ठाण्यात जातं कोण? आई डबा घेऊन बाहेर बसते. शेजारी दार लावून घेतात, आपलं नाव नको यायला! २०२२ अखेर देशातल्या दर १०० कैद्यांपैकी ७६ जणांचे खटले अजून संपलेले नव्हते, आणि त्यांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त होतं.

वकिलातीचा अधिकारी 'आधी सांग, गुन्हा केलास का?' असं विचारून मग भेटायला येत नाही. आपण मात्र तेच आधी विचारतो.

तालुक्यातली दहा पोरं आणि एक वकील एवढ्यावर हे काम उभं राहतं. अटकेची वेळ लिहून ठेवायची, सोलापूरला प्राधिकरणाकडे अर्ज टाकायचा, तारखेला माळशिरसच्या कोर्टात हजर राहायचं आणि संध्याकाळी घरच्यांना काय झालं ते नीट सांगायचं. धर्म न विचारता, कुणाच्याही पोरासाठी. लॅपटॉपवर याद्या सांभाळायचं काम माझ्याकडे द्या.