‘ढ’ म्हणण्याआधी तपासणी करा

आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले असतात की जी चौथी-पाचवीत गेली तरी साधा धडा वाचू शकत नाहीत. गोष्ट तोंडी विचारा, नीट सांगतील. कोणतेही काम एकदा दाखवा, पटकन शिकतील. वही उघडली की मात्र ‘घर’चे ‘धर’ होते, जोडाक्षर तुटते, वेलांटी गळते. अशा मुलाला शाळेत ‘ढ’ म्हणतात, घरी ‘आळशी’ म्हणतात. आणि बाहेरचे जग त्यात आपली जात मिसळून म्हणते, ‘यांच्या डोक्यात अभ्यास शिरतच नाही.’ हीच अडचण सुखवस्तू घरातल्या मुलाला असली तर त्याला डॉक्टरांकडे नेतात, तपासणी होते आणि परीक्षेत सवलत मिळते. आपल्या मुलाच्या वाट्याला मार येतो, आणि पुढे शाळा सुटते. हा फरक आम्हाला मान्य नाही.

या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिसग्राफिया, गणिताची असेल तर डिसकॅल्क्युलिया. अशा मुलाची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम वेगळ्या रीतीने चालते, एवढेच. यात आईबापाचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. यावर औषध नाही, म्हणून बुद्धी वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. मारल्याने तर मूल पुस्तकालाच घाबरू लागते. उपाय एकच, वेगळ्या पद्धतीने आणि संयमाने शिकवणे.

पण वाचता न येणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचे दिसत नसेल तर मूल चुकीचे उतरवणारच. कान वारंवार वाहत असेल तर ऐकू कमी येते आणि ‘ट’ व ‘ठ’ सारखेच वाटतात. रक्त कमी असलेले मूल वर्गात पेंगते, लक्ष देऊ शकत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. डॉक्टरांचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत येते. ते येण्याचा दिवस मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवले तर जरूर जा.

आता कायद्याचे पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगता दिल्या आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. अशी मुले लवकरात लवकर ओळखणे आणि त्यांच्यासाठी शिकवण्याची योग्य व्यवस्था करणे ही जबाबदारी हा कायदा शाळेवर टाकतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टीही त्यात आहेत. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला अशा सवलती १९९६ पासून आहेत. आपल्या किती वस्त्यांना हे ठाऊक आहे?

मात्र सवलत परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते. वर्षभर मूल वर्गात बसते, तिथे त्याला काय मिळते हा खरा प्रश्न आहे. यासाठी लागणारे साहित्य महाग नसते. ताटात वाळू पसरून बोटाने अक्षर गिरवता येते. जाड कागदाला ओळीएवढी खिडकी कापली तर मूल एका वेळी एकच ओळ पाहते, नजर घसरत नाही. दशक-एककासाठी काड्यांचे गठ्ठे आणि मण्यांची माळ पुरते. आपले आकडे तर मुलांना विशेष अडचणीचे, कारण ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची सोपी पद्धत आली, तेव्हा तिची केवढी थट्टा झाली. अडखळणाऱ्या मुलाला अशाच पायरीची गरज असते.

काही गोष्टींना तर साहित्यही लागत नाही. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. अख्खा फळा उतरवून घ्यायला लावू नये. सगळ्या वर्गासमोर अचानक उभे करून वाचायला सांगू नये. लिहिता येत नसेल तर उत्तर तोंडी घ्यावे. याचा फायदा त्या एका मुलाला नव्हे, सगळ्या वर्गाला होतो.

हे सर्व शिक्षकाने एकट्याने करावे असे आमचे म्हणणे नाही. भरलेला वर्ग, वर निवडणुकीची कामे आणि कागदपत्रे, यात शिक्षकही पिचलेला असतो. त्याला जोडीला विशेष शिक्षक हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली याचे प्रमाण सांगितले आहे : प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. अनेक शाळांमध्ये मिळून एकच विशेष शिक्षक फिरत राहिला, तर तो नोंदवहीत सही करील, मुलाला वाचायला कधी शिकवणार?

दाखल्याविषयी घराघरांत भीती आहे, तीही बोलली पाहिजे. ‘आधीच जातीचा दाखला दाखवला की लोक नाक मुरडतात, त्यात हा दुसरा कशाला? पोरीचे लग्न कसे होईल?’ असे पालक म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण दाखला घेतला नाही म्हणून अडचण जात नाही, फक्त मदत जाते. नापासाचा शिक्का सगळ्यांना दिसतो, अध्ययन अक्षमतेचा दाखला मात्र शाळेला आणि परीक्षा मंडळालाच दाखवायचा असतो. सवलत म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुसरी अडचण रोजगाराची आहे. मुंबईत सायन, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते, इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. डोळे, कान, बुद्ध्यंक, मग वाचन-लेखन अशा चाचण्या असतात आणि एका फेरीत काम होत नाही. जितक्या फेऱ्या तितका रोज बुडतो. म्हणून आमची मागणी आहे की पहिली चाचपणी तिसरीपर्यंत शाळेतच व्हावी आणि चाचणी मूल ज्या भाषेत शिकते त्याच भाषेत व्हावी. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन काय कळणार?

उशीर करण्यासारखी ही वेळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि आपल्या राज्याने ती घेतली. तपासणी न झालेले मूल या दोन इयत्तांवर अडकेल आणि तिथूनच कामाला लागेल.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जा. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांत वंचित घटकांना प्रतिनिधित्व आहे. तिथे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या शाळेला विशेष शिक्षक कोण आणि ते कोणत्या वारी येतात? तिसरीपर्यंत किती मुलांची चाचपणी झाली? साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात? विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालत असेल तर तिथेही वाळूचे ताट आणि मण्यांची माळ ठेवा. आणि आजपासून आपल्या घरात कोणत्याही मुलाला ‘ढ’ म्हणू नका.