बंद इंजिनाचा धडा

रांजणगाव म्हटले की महागणपतीचे देऊळ डोळ्यांपुढे येते. आता तेथे मोठी औद्योगिक वसाहतही आहे. नवी यंत्रे सहज मिळू लागल्यामुळे फवारणीच्या पंपाचे वा होडीचे जुने, छोटे इंजिन बंद पडताच ते भंगारात घालावे, असे पुष्कळांना वाटते. हा निर्णय घाईचा होय.

हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनाची रचना साधी असते. थंड राहण्यासाठी त्याला पाणी लागत नाही. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्या उष्णता वाऱ्यावर सोडतात. ठिणगी, इंधन आणि दाब ही तिन्ही वेळेवर मिळाली की ते चालते. म्हणून यंत्राला दोष देण्यापूर्वी एकेक गोष्ट तपासावी. प्लगवर काजळी धरली आहे काय? कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा बसला आहे काय? पट्ट्यांमध्ये माती दाटली आहे काय? पुष्कळदा दोष एवढाच असतो. सिलिंडरच तडकले असेल, तर मात्र हट्ट धरणे व्यर्थ.

दुरुस्तीला वेळ लागतो, हे खरे. पण तो वाया जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींची विक्री व दुरुस्ती आरंभिली. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवून तेथे कारखाना उभारला. यंत्र विकत घेता येते. यंत्राची जाण मात्र हाताला तेल लागल्यावाचून येत नाही. जाणत्या कारागिराजवळ बसून मुलांनी असे एखादे इंजिन उघडताना पाहावे. वस्तू टाकण्याआधी कारण शोधावे, ही सवय तेथेच लागते.