परदेशी पदवी आणि दारावरची परीक्षा

परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेल्या भारतीय विद्यार्थ्याला या देशात रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी एक परीक्षा द्यावी लागते. ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन’ हे तिचे नाव. वर्षातून दोनदा ती संगणकावर होते आणि बहुतेक सत्रांत अनुत्तीर्णांची संख्या उत्तीर्णांच्या कितीतरी पट असते. निकाल लागला की दोन तऱ्हेचे सूर उमटतात. ही मुले मुळातच कुवतीची नव्हती, असे एक पक्ष म्हणतो. परीक्षाच मुद्दाम नापास करण्यासाठी रचलेली आहे, असे दुसरा म्हणतो. दोन्ही निष्कर्ष सोयीचे आहेत. कारण ते स्वीकारले की या दोहोंच्या मध्ये उभा असलेला खरा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

तो प्रश्न आम्ही पुढे विचारणारच आहोत. परंतु तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कार्यकर्त्याकडे जमीन गहाण टाकून मुलाला किंवा मुलीला किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया अथवा फिलिपाइन्सला पाठविलेले आईबाप येतात, तेव्हा ते धोरणाची चर्चा करीत नाहीत. “परीक्षेत नेमके होते काय, आणि आम्ही काय करावे?” एवढेच ते विचारतात. या प्रश्नाला नीट उत्तर देता येणे हेही राजकीय कार्यच आहे. अज्ञानाच्या जागी भीती येते आणि भीतीच्या जागी क्लासवाला येतो.

१९५६च्या मेडिकल कौन्सिल कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि २००२पासून नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स ही परीक्षा घेऊ लागले. परीक्षेला बसण्यापूर्वी परदेशी विद्यापीठाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते व त्याचे प्रमाणित पुरावे अर्जासोबत द्यावे लागतात. अनेकांची पहिली ठेच येथेच लागते. भारतीय वकिलातीचा शिक्का किंवा अपोस्टिल नसलेला कागद, नावाच्या स्पेलिंगमधील फरक, मुदतीनंतर मिळालेले प्रमाणपत्र अशा गोष्टींपायी एक सत्र, म्हणजे आयुष्याचे सहा महिने, हातचे जाऊ शकतात. परत येण्यापूर्वीच हे कागद पुरे करून घ्या, हे सांगायला पैसे पडत नाहीत. पण सांगणारा कोणी नसतो.

परीक्षेत एकूण ३०० प्रश्न असतात. १५० प्रश्नांचा एक, असे दोन भाग एकाच दिवशी होतात. प्रत्येक भागाला १५० मिनिटे आणि मध्ये विश्रांती. भाषा फक्त इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्यांतील एकच बरोबर. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ३००पैकी १५० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण. येथे गुणवत्तायादी नाही, शेजारच्या उमेदवाराशी स्पर्धा नाही. नीटच्या वातावरणात वाढलेल्या मुलांच्या मनावर हे मुद्दाम ठसवावे लागते. प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही.

केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र व प्रवेशपत्र तपासतात, बोटांचे ठसे घेतात. मोबाइल, घड्याळ, दागिने बाहेर ठेवावे लागतात. वेळ पडद्यावरच दिसतो. परीक्षा सुरू होण्याच्या आधीच दार बंद होते व नंतर आलेल्याला कोणत्याही सबबीवर आत घेत नाहीत. म्हणून बाहेरगावच्या उमेदवाराने आदल्या दिवशीच केंद्र पाहून ठेवावे. २०२४पासून प्रश्नपत्रिका लहान कालबद्ध विभागांत मांडली जाऊ लागली. एका विभागाची वेळ संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि संपल्यावर मागे येता येत नाही. “सोपे आधी, अवघड शेवटी” हा शाळेतला मंत्र त्यामुळे त्या विभागापुरताच चालतो. क्ष-किरण चित्रे, हृदयाचे आलेख, त्वचेवरील चट्टे यांची छायाचित्रे दाखवून प्रश्न विचारलेले असतात. पडद्याची सवय व्हावी म्हणून बोर्ड परीक्षेपूर्वी आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य सराव चाचणी ठेवते. ती न पाहता क्लासच्या महागड्या सराव परीक्षा विकत घेणारे उमेदवार थोडे नाहीत.

आता थोडे अंकगणित. एखाद्या उमेदवाराला केवळ १०० प्रश्नांची उत्तरे खात्रीने येतात आणि उरलेल्या २०० प्रश्नांना तो डोळे मिटून उत्तरे देतो, असे समजू. चारांत एक या सरासरीने त्याला आणखी ५० गुण मिळतील आणि तो काठावर उत्तीर्ण होईल. यातून व्यावहारिक धडा असा की, एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा आहे. परंतु दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. जी कसोटी एक तृतीयांश निश्चित ज्ञानावर पार होऊ शकते, तिला अन्यायी कडा म्हणता येत नाही. उलट आजारी पडलेल्या शेतमजूर बाईच्या बाजूने पाहिले, तर ती थोडी सैलच वाटावी.

मग इतके उमेदवार अडतात कोठे? विषयवार विभागणी पाहिली की बरेच काही उलगडते. ३००पैकी १०० प्रश्न शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र इत्यादी पायाभूत विषयांचे असतात आणि २०० रुग्णचिकित्सेचे. या २००मध्ये ३० प्रश्न समाजवैद्यकाचे, म्हणजे क्षयरोग कार्यक्रम, लसीकरणाचे वेळापत्रक, मातामृत्यू, पिण्याचे पाणी यांविषयीचे असतात. बर्फाळ प्रदेशातल्या विद्यापीठात हे कोण शिकविणार? विंचूदंशाचेच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातील रुग्णांवर उपचार करता करता विंचूदंशाचे जे संशोधन केले, ते ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या ज्ञानावर माणूस जगतो किंवा मरतो, ते ज्ञान ज्या देशात तसा विंचूच नाही तेथे मिळणे कठीण. त्यात अनेक ठिकाणी वर्गाची भाषा इंग्रजी आणि रुग्णाची भाषा वेगळी. विद्यार्थी खाटेजवळ उभा असतो, पण रुग्णाशी बोलू शकत नाही. २०२०मध्ये चीनमधून आणि २०२२मध्ये युक्रेनमधून परतलेल्यांना तर खाटही दुरावली. मोबाइलच्या पडद्यावर वैद्यक शिकण्याची वेळ त्यांच्यावर आली. अशा उमेदवाराने क्लासच्या टिपणांवर भिस्त ठेवण्यापेक्षा रोज काही तास सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, परवानगी मिळवून, निरीक्षक म्हणून उभे राहावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

येथवर परीक्षार्थीपुरते झाले. आता तो मधला प्रश्न.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली असे मांडले की, डॉक्टरांना परवाना देण्याची पद्धतच रद्द करावी. चांगल्या-वाईटाची निवड बाजार करील. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यात या विचाराला उत्तर सापडते. रुग्णाला आपण काय विकत घेत आहोत हे कळत नाही, विकणाऱ्याला कळते. ज्ञानाची ही विषमता असेल तेथे बाजार न्याय करू शकत नाही आणि समाजाला मध्ये पडावे लागते. परवाना परीक्षेचे समर्थन याच पायावर उभे आहे. गरीब रुग्ण दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ शकत नाही. म्हणून पहिला डॉक्टर किमान सुरक्षित असला पाहिजे. ही परीक्षा रद्द करा किंवा तिची रेषा खाली आणा, ही मागणी समाजवाद्यांनी कधीही उचलून धरू नये. तिची किंमत शेवटी गरिबालाच आपल्या शरीराने मोजावी लागेल.

पण हाच न्याय विद्यार्थ्याला का लागू होत नाही? परदेशी महाविद्यालयाचा प्रवेश विकत घेणाऱ्या कुटुंबालाही आपण काय घेत आहोत हे ठाऊक नसते. एजंटाला ठाऊक असते. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विषमता शासनाने ओळखली आणि तेथे परीक्षा बसविली. कुटुंब आणि एजंट यांच्यातील विषमता मात्र त्याने बाजारावर सोडून दिली. तात्पर्य, दार योग्य आहे. पण ते रस्त्याच्या शेवटी आहे. आयुष्याची सहा वर्षे आणि घरची जमीन खर्ची पडल्यावर ते समोर येते. २०१८पासून परदेशी जाण्यापूर्वीही नीट उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले, हे खरे. परंतु विद्यार्थी पात्र आहे एवढेच त्यातून ठरते. महाविद्यालय पात्र आहे की नाही, हे ठरत नाही.

आणि ही कुटुंबे परदेशाकडे वळतात तरी का? २०२४ साली नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच अधिक आणि त्यांतल्या सरकारी जागा साधारण निम्म्या. उरलेल्या खासगी जागांची किंमत शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. या महाराष्ट्रात १९८३नंतर, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित महाविद्यालयांना दारे उघडली गेली. १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदाही झाला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांच्या शुल्कावर लगाम घातला आणि २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात ती योजना मोडीत निघाली. शिक्षणाचा बाजार घरात मांडला गेला, तेव्हा ज्यांना तो परवडला नाही ते दूरच्या स्वस्त बाजारात गेले. त्यांना ‘पळवाट काढणारे’ म्हणणाऱ्यांनी देणगीच्या जोरावर मायदेशात डॉक्टर झालेल्यांकडेही त्याच नजरेने पाहावे.

त्या दृष्टीने २०१९च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यातील तरतूद महत्त्वाची आहे. देशी आणि परदेशी अशा सर्व पदवीधरांसाठी ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा घ्यावी, असे तो कायदा म्हणतो. त्यासाठी तीन वर्षांची मुदत ठरली होती. ती लांबत गेली. ही दिरंगाई निर्हेतुक आहे, असे मानण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही. एकाच मापाने मोजले, तर काही झगमगीत खासगी महाविद्यालयांचे वजनही जनतेला दिसेल.

आमच्या मागण्या सरळ आहेत. परदेशी महाविद्यालयनिहाय निकाल बोर्डाने पूर्वी प्रसिद्ध केलेले आहेत. ते दरवर्षी, मराठीसह सर्व भाषांत, प्रवेशाच्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यात लावले जावेत. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांना नोंदणी व दायित्व सक्तीचे असावे. परीक्षेचे प्रश्न आज गुप्त राहतात आणि फेरतपासणीची सोय नाही. प्रत्येक उमेदवाराला निदान विषयवार गुण कळावेत, म्हणजे आपण कोठे कमी पडलो हे त्याला समजेल. अनुत्तीर्णांसाठी जिल्हा रुग्णालयांत नाममात्र शुल्काचे, रुग्णांमधले प्रशिक्षणवर्ग सुरू व्हावेत. उत्तीर्णांना आंतरवासितेत देशी पदवीधरांइतकेच विद्यावेतन मिळावे. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी ही की, सरकारी महाविद्यालये वाढावीत आणि ती खऱ्या शिक्षकांनी भरलेली असावीत.

कार्यकर्त्यांनी या मागण्यांच्या सभा होईपर्यंत थांबू नये. आपल्या तालुक्यातून गेल्या काही वर्षांत कोण कोण परदेशी गेले, कोण परतले, कोण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर खचून घरात बसले आहे, याची यादी करावी. त्या घरी जावे. अपयशाची लाज ही एकट्याने वाहण्याची गोष्ट वाटते, तोवर ती राजकीय प्रश्न होत नाही. आणि यंदा बारावीला असलेल्या मुलामुलींच्या पालकांना एजंटाच्या आधी आपण गाठावे. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दिलेली एक तासाची खरी माहिती पुढे त्या घराची जमीन वाचवू शकेल.