मुठीत मावणारे बहुरूपी

खेळण्याची किंमत ठरवण्याची आपल्या घरांतून एक जुनी रीत आहे. ते कशाचे आहे, हे आधी विचारायचे. चांदीचे असेल तर ते तिजोरीत जाते, पितळेचे असेल तर बैठकीच्या कोनाड्यात, लाकडाचे असेल तर मुलांच्या हाती. आणि प्लॅस्टिकचे असेल तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ग्वाल्हेरकरांना पहिल्या प्रतीच्या खेळण्याचे उदाहरण दूर शोधायला नको. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून रुळांवर फिरणारी आणि पाहुण्यांना मद्य व सिगार पोचवणारी ती चांदीची आगगाडी आपण सर्वांनीच येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवली आहे. ती पाहायची असते, हात लावायची नसते.

आज लिहायचे आहे ते अगदी दुसऱ्या टोकाच्या खेळण्याविषयी. वीतभरही नसलेला प्लॅस्टिकचा एक यंत्रमानव. त्याचे पाय दुमडावेत, हात पोटाशी घ्यावेत, डोके आत लोटावे, की पाहता पाहता त्याचे अंतराळयान होते. पुन्हा उलगडावे, की यंत्रमानव हजर. नातवंडे असलेल्या घरात हा प्राणी आता नवा राहिलेला नाही. पण त्याच्याविषयी वडीलधाऱ्या मंडळींचे मत विचारले तर ते एका शब्दात मिळते: 'कचरा!' माझेही मत परवापरवापर्यंत हेच होते. ते बदलले कसे, हे सांगण्यासाठी मला थोडी कबुलीही द्यावी लागणार आहे.

आधी या खेळण्याचे कुळ. ते जपानी आहे. तेथील टाकारा कंपनीने 1980 साली डायाक्लोन नावाची मालिका काढली. तिच्यातली वाहने पुढे यंत्रमानवाचे रूप घेऊ लागली. 1984 साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने हीच व अशीच खेळणी 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने अमेरिकेत आणली. बँडाई या दुसऱ्या जपानी घराण्याचे यंत्रमानव टोंका कंपनीने 'गोबॉट्स' म्हणून विकले. म्हणजे एकाच काळात दोन घराणी आमनेसामने उभी होती, आणि घराण्यांचे भांडण म्हणजे काय हे ग्वाल्हेरच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

या यंत्रमानवांनी अंतराळयानाचे रूप घ्यावे यालाही कारण होते. 12 एप्रिल 1981 रोजी 'कोलंबिया' हे अमेरिकेचे पहिले स्पेस शटल आकाशात गेले. तोवर मुलांच्या चित्रांतले यान म्हणजे एक उभे टोकदार नळकांडे. शटल आले आणि त्या चित्राला पंख फुटले. अग्निबाणासारखे उभे उडावे, विमानासारखे आडवे उतरावे आणि पुन्हा जायला तयार व्हावे, असे ते वाहन मुळातच दोन रूपांचे होते. खेळणी करणाऱ्यांना आयतेच सापडले. 1985 सालचा 'ॲस्ट्रोट्रेन' हा एकटाच वाफेचे इंजिन, शटल आणि यंत्रमानव अशी तीन रूपे घेई. त्याच वर्षीचा छोटा 'कॉसमॉस' हिरवी उडती तबकडी होई. 1986 सालचा 'ब्लास्ट ऑफ' हा शटल होई, आणि आपल्या चार साथीदारांना जोडला की 'ब्रूटिकस' नावाच्या महाकाय यंत्रमानवाची एक भुजा होई.

यांतले दोघे, कॉसमॉस आणि ब्लास्ट ऑफ, 1987 साली आमच्या घरी आले. माझे मेहुणे तेव्हा अमेरिकेत होते. सुटीवर येताना त्यांनी आमच्या चिरंजीवांसाठी ते आणले. चिरंजीव आठ वर्षांचे. दोन दिवस घरात नुसता जल्लोष चालला होता. तिसऱ्या दिवशी मी ती दोन्ही खेळणी उचलली आणि बैठकीतल्या काचेच्या कपाटात, माझ्या वडिलांच्या शिल्डांशेजारी, मांडून ठेवली. 'परदेशची वस्तू आहे, मोडली तर पुन्हा मिळायची नाही,' असे माझे म्हणणे. किल्ली माझ्याकडे. मुलगा काही दिवस काचेला नाक लावून उभा राही. पुढे राहीनासा झाला. मला वाटले, समजूतदार झाला.

जवळजवळ चाळीस वर्षांनी, या हिवाळ्यात, त्याचा मुलगा मेळ्यातून तसलेच एक खेळणे घेऊन आला. 1905 साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला आपला मेळा आता काय काय विकतो ते सर्वज्ञात आहे. पांढऱ्याशुभ्र रंगाचे, चकचकीत, दिव्याबिव्यांचे शटल. नातवाने ते माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आजोबा, तुमच्या कपाटातलं चांगलं की माझं?"

प्रश्न सरळ होता आणि मला उत्तर येत नव्हते. चाळीस वर्षे मी त्या वस्तूंचा रखवालदार होतो, पण त्यांतले एकही रूप पालटून पाहिले नव्हते. मी कपाट उघडले, तिन्ही खेळणी सतरंजीवर मांडली आणि आम्ही दोघे परीक्षेला बसलो.

परीक्षा कशाची घ्यायची, हे नातवाने मला शिकवले. मी यान हातात घेऊन म्हणालो, हे हुबेहूब दिसते. तो म्हणाला, "दिसतं हो, पण होतं कसं ते बघा ना!" सारे मर्म या एका वाक्यात आहे. हुबेहूब यान हवे असेल तर नुसते यान घ्यावे, ते याहून चांगले मिळेल. डौलदार यंत्रमानव हवा असेल तर नुसता यंत्रमानव घ्यावा. या खेळण्याचा जीव एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याच्या वाटेत आहे. आपले गवई रागाचा तिरोभाव करतात, क्षणभर राग दिसेनासा होतो, आणि मग आविर्भावाने तो पुन्हा समोर उभा राहतो. त्या येण्याजाण्यालाच दाद मिळते. हेही तसेच.

मेळ्यातले शटल पहिल्याच फेरीत उघडे पडले. त्याचे हात रूप पालटताना दुमडत नाहीत. उपटून काढावे लागतात आणि दुसऱ्या भोकात खोचावे लागतात. पाय पोटात जातात, पण तेथे धरून ठेवायला काही नसल्यामुळे यान उचलले की लोंबतात. त्याला यंत्रमानवातून यान होता येत नाही. यंत्रमानव मोडून यान जोडावे लागते. दुसऱ्या दिवशी त्याचा डावा हात हरवला आणि तेव्हापासून दोन्ही रूपे लुळी पडली. हा दोष स्वस्ताईचा नव्हे; आखणाऱ्याने विचार अर्ध्यावर सोडला, त्याचा आहे.

कॉसमॉसची गोष्ट उलट. दिसायला तो अगदीच सामान्य. तबकडी उलगडली की बुटका, गोलमटोल, जरासा विनोदी यंत्रमानव उभा राहतो. कोणी त्याला शूर म्हणणार नाही. पण हालचाली मोजक्या आहेत, आणि प्रत्येक हालचालीला कारण आहे. पाच मिनिटांत नातू न पाहता तो उघडमीट करू लागला. जेवताना, गप्पा मारताना, जपमाळेसारखी त्याची बोटे त्या खेळण्यावर फिरत होती. हात ज्या वस्तूला पाठ करतो ती वस्तू चांगली, असे माझे आता मत झाले आहे.

ब्लास्ट ऑफची रचना अधिक महत्त्वाकांक्षी. याला दोन नव्हे, तीन कामे: यान व्हायचे, यंत्रमानव व्हायचे आणि वेळ पडली तर दुसऱ्याची भुजा व्हायचे. आमच्याकडे त्याचे चार साथीदार नाहीत, त्यामुळे धड नसलेली ही भुजा चाळीस वर्षे एकटीच बसून आहे. तीन कामांपायी अंग काहीसे ठोकळ्यासारखे झाले आहे. तरी यानाचे नाक, पंख, शेपूट सारे ओळखू येते. ॲस्ट्रोट्रेनबद्दल माझी जी तक्रार आहे तीच थोडी याच्याबद्दल: रूपे वाढली की प्रत्येक रूपाच्या वाट्याला न्याय थोडा कमी येतो. पण ही तक्रार चांगल्या विद्यार्थ्याबद्दलची आहे.

आणि येथे माझी कबुली. ब्लास्ट ऑफचा एक सांधा हलेना. चाळीस वर्षे न हललेले प्लॅस्टिक; ते ताठले होते. नातू म्हणाला, "आजोबा, जोर नका लावू." मी लावला. बारीकसा आवाज झाला आणि तुकडा माझ्या तळहातावर पडला. ज्या वस्तूला मुलाच्या हाताने मोडू नये म्हणून मी कुलपात ठेवले, ती माझ्याच हाताने मोडली. चिरंजीव दारात उभे होते. आता त्यांचेही केस पिकू लागले आहेत. ते आत आले, तुकडा घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "असू द्या बाबा. आज निदान त्याच्याशी कोणी खेळलं तरी." त्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

हल्ली या खेळण्यांचे संग्राहक झाले आहेत. त्यांच्या बाजारात न उघडलेल्या डब्याला अधिक मोल, आणि मुलाने खेळून झिजवलेल्याला कमी. संग्रहाला माझा विरोध नाही. कोणीतरी जपले म्हणून तर इतिहास उरतो. पण जे खेळणे कधी पालटलेच नाही त्याला पहिला क्रमांक देणे म्हणजे न वाजवलेल्या तंबोऱ्याला सुरेल म्हणण्यासारखे आहे. त्याची परीक्षाच झालेली नाही. मी स्वतः या चुकीचा चाळीस वर्षांचा धनी आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

काही आक्षेप मात्र मला मान्य आहेत. यांतल्या बऱ्याच यंत्रमानवांच्या हाती बंदूक असते आणि त्यांच्या कथा लढाईच्या असतात. यान झाले तर कुठे जावे, काय पाहावे, हे मुलाला सुचण्याआधीच डब्यावरचे चित्र त्याला शत्रू दाखवते. शटलची खरी कहाणी याहून कितीतरी मोठी आहे. 28 जानेवारी 1986 रोजी 'चॅलेंजर' सात जणांसह नष्ट झाले. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर 'कोलंबिया' गेले, आणि त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. 135 उड्डाणांनंतर 2011 च्या जुलैमध्ये शटले थांबली. मेळ्यातल्या पांढऱ्या यानाकडे बोट दाखवून हे नातवाला सांगणारे कोणी घरात असावे. ते काम कंपनीचे नाही, आपले आहे.

'हे सारे ठीक, पण शेवटी पोरखेळच ना?' असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर चंद्रावर आहे. टाकारा कंपनी 2006 साली टोमी या दुसऱ्या जपानी खेळणी-कंपनीत विलीन झाली. या टाकारा टोमीने जपानची अंतराळसंस्था, सोनी कंपनी आणि दोशिशा विद्यापीठ यांच्यासह एक चिमुकले यंत्र केले: 'सोरा-क्यू'. सुमारे आठ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू, वजन सुमारे पाव किलो. जमिनीवर पडला की तो दुभंगतो, दोन अर्धगोलांची दोन चाके होतात आणि मधून कॅमेरा वर येतो. 2024 च्या जानेवारीत 'स्लिम' हे जपानी यान चंद्रावर उतरले, तेव्हा उतरण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी हा चेंडू त्याने बाहेर सोडला. यान नाकावर कलंडले होते. ते तसे कलंडलेले आहे हे पृथ्वीवरच्यांना चित्रासह दाखवले ते या चेंडूने. आपले 'चांद्रयान-3' त्याआधी पाच महिने, 23 ऑगस्ट 2023 रोजी, चंद्रावर उतरले होते; त्याचा 'प्रज्ञान' 26 किलोंचा. त्याच्यापुढे हा पाव किलोचा चेंडू म्हणजे खेळणेच. पण लहान जागेत घडी घालून बसावे, वेळ येताच उलगडावे, आणि उलगडताना काही तुटू नये, सुटू नये, ही विद्या त्या कंपनीला मुलांनी शिकवली होती. सतरंजीवर बसून आपटणाऱ्या, पिळणाऱ्या, खेचणाऱ्या मुलांइतका कठोर परीक्षक चंद्रही नसावा.

तेव्हा पालकांना आणि आजोबांना माझे सांगणे थोडके आहे. असे खेळणे घेताना रंग आणि दिवे पाहू नका. दुकानदाराला म्हणा, एकदा पालटून दाखवा. दोन्ही रूपे ओळखू येतात का? हात-पाय जागच्या जागी दुमडतात का, की उपटावे लागतात? मूल चार वेळांत शिकेल का? आणि सर्वांत मोठी कसोटी: रूप बदलताना काही गळून तर पडत नाही ना? दाराशी येणारा बहुरूपी कधी राजा होई, कधी बैरागी. पण झोळी तीच, माणूस तोच. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी बोलत आलेल्या आपल्यासारख्या घरांना ही कसोटी उमजायला जड जाऊ नये.

ब्लास्ट ऑफ आता दुरुस्त झाला आहे. चिरंजीवांनी रात्री बसून तुकडा चिकटवला. सांधा मात्र आता वळत नाही, म्हणून तो कायमचा यानच राहिला आहे. पण तो काचेच्या कपाटात नाही. नातवाच्या दप्तरात असतो. कपाटाची किल्ली मी सूनबाईंच्या हवाली केली आहे. तिथे आता लोणच्याच्या बरण्या ठेवणार असल्याचे कळते.