एक दशांश गुण

परवां सायंकाळीं एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं सहज गेलों होतों. दारांतून आंत पाऊल टाकतांच घरांत कांहीं तरी अशुभ वर्तमान आलें असावें असें वाटलें. वहिनींनीं चहा आणून ठेवला, पण त्यांचा चेहरा नेहमींसारखा हसरा दिसेना. पुढें कळलें तें इतकेंच, कीं चिरंजिवांचा शाळेंतील पहिला क्रमांक अर्ध्या गुणानें हुकला होता! मुलगा आंतल्या खोलींत तोंड लपवून बसला होता, आणि त्याचे वडील बाहेर बैठकीवर "अर्धा गुण, अहो, अवघा अर्धा गुण!" असें पुनःपुन्हां म्हणत होते. हा अर्धा गुण म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न मात्र त्या घरांत कोणास सुचला नव्हता. मला त्या वेळीं एका फार दूरच्या स्पर्धेची आठवण झाली. ती हकीकत मीं तेथें सांगितली. वाचकांसही ती सांगावी असें वाटतें.

बर्फाळ देशांत स्की-जंपिंग नांवाचा एक विलक्षण खेळ आहे. पायांस लांब, चिंचोळ्या पट्ट्या बांधून एका उंच घसरणीवरून वेगानें खालीं यावयाचें, घसरणीच्या टोकाशीं अंगांतील सारें बळ एकवटून अधांतरीं झेप घ्यावयाची, आणि खालच्या बर्फाच्या उतारावर शक्य तितकें दूर जाऊन तोल न जातां उतरावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. मोठ्या टेकडीवर झेप घेतांना वेग ताशीं सुमारें ९० किलोमीटर असतो. पाहणारास वाटतें, कीं जो अधिक दूर गेला तो जिंकला. परंतु तसें नसतें. अंतराचे गुण निराळे आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या सफाईचे निराळे. सफाईचे गुण पांच पंच देतात. प्रत्येकाच्या हातीं जास्तींत जास्त २० गुण असतात, व ते अर्ध्या अर्ध्या गुणाच्या टप्प्यानें दिले जातात. पांचांपैकीं सर्वांत उदार व सर्वांत कृपण असे दोन आंकडे सोडून देऊन मधल्या तिघांची बेरीज धरतात. त्या काळीं प्रत्येकास दोन उड्या मिळत. दोहींचे गुण मिळून निकाल लागतो.

सन १९७२ च्या फेब्रुवारींत जपानमधील होक्काइडो बेटावरच्या सॅपोरो नगरांत हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. आशिया खंडांत हे सामने भरण्याचा तो पहिलाच प्रसंग. ६ फेब्रुवारीस लहान टेकडीवरील स्पर्धेंत युकिओ कासाया, अकित्सुगु कोन्नो व सेइजी आओची या तिघां जपानी खेळाडूंनीं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. मग ११ फेब्रुवारीस ओकुरायामा येथील मोठ्या टेकडीवर सर्वांची दृष्टि कासायाकडे लागून राहिली असल्यास नवल काय? पोलंडमधील झाकोपाने या डोंगराळ गांवच्या वोय्चेख फोर्तुना नांवाच्या १९ वर्षांच्या पोराकडे कोण पाहणार? लहान टेकडीवर तो सहावा आला होता, इतकीच त्याची पुंजी.

फोर्तुनाची पहिली उडी १११ मीटरांची झाली! त्या फेरींत कासाया १०६ मीटरांपर्यंत पोहोंचला. स्वित्झर्लंडचा वाल्टर श्टायनर यास एकविसावें वर्ष पुरें होण्यास चारच दिवस उरले होते. त्याची उडी ९४ मीटर भरली. दोघां तरुणांमध्यें १७ मीटरांचें अंतर पडलें. येथेंच निकाल लागला असें कोणीही म्हटलें असतें.

परंतु दुसरी फेरी आली आणि चित्र पालटलें. त्या टेकडीवरील वारा कोणाचाच सोयरा नव्हता. कासाया अवघ्या ८५ मीटरांवर उतरला व सातव्या क्रमांकावर घसरला. फोर्तुनाची उडी ८७.५ मीटर, म्हणजे पहिलीहून २३.५ मीटरांनीं आंखूड. इकडे श्टायनरनें १०३ मीटरांची सुरेख उडी मारली. पूर्व जर्मनीचा रायनर श्मिट यानें आधींच्या ९८.५ मीटरांस १०१ मीटरांची जोड दिली. सगळी बेरीज झाली तेव्हां फोर्तुना २१९.९, श्टायनर २१९.८, श्मिट २१९.३ आणि फिनलंडचा टाउनो कॅय्ह्को २१९.२! चार देशांचे चार तरुण, आणि पहिल्या व चौथ्यांत अंतर सात दशांश गुणांचें. सुवर्णपदक व रौप्यपदक यांच्यामध्यें तर केवळ एक दशांश गुण उभा होता.

आतां हा एक दशांश गुण म्हणजे काय, तें पाहूं. आजच्या नियमाप्रमाणें अशा मोठ्या टेकडीवर एका मीटरास १.८ गुण मिळतात. त्या हिशेबानें एक दशांश गुण म्हणजे साडेपांच सेंटिमीटर, हाताच्या तीन बोटांची रुंदी. अंतर मात्र अर्ध्या अर्ध्या मीटरानें मोजलें जातें. आणि त्या काळीं तर उताराच्या कडेला उभीं राहिलेलीं माणसें नुसत्या डोळ्यांनीं उतरण्याची जागा ठरवीत. ज्या मापाचा सर्वांत लहान भाग हातभर लांब, त्या मापानें तीन बोटांचा निवाडा व्हावयाचा! पंचांची गोष्टही तशीच. धरल्या गेलेल्या तिघांपैकीं एकाच्याही मनांत अर्धा गुण इकडचा तिकडे झाला असता, तर सुवर्ण स्वित्झर्लंडला गेलें असतें. शिवाय मौजेची गोष्ट ही, कीं दोन्ही उड्यांचें अंतर मिळवलें तर सर्वांत दूर गेला तो तिसरा आलेला श्मिट. त्याचें अंतर १९९.५ मीटर, फोर्तुनाचें १९८.५ व श्टायनरचें १९७.

म्हणजे फोर्तुना केवळ दैवानें जिंकला कीं काय? त्याचें नांवही गमतीचें आहे. प्राचीन रोमन लोकांच्या दैवदेवतेचें नांव फोर्तुना! कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गांठ पडली, हा काकतालीय न्याय येथें लावण्याचा मोह कोणासही होईल. वाऱ्याचा हात या खेळांत इतका मोठा, कीं पुढें जवळजवळ चाळीस वर्षांनीं वाऱ्याच्या अनुकूल-प्रतिकूलतेप्रमाणें गुण वजा करण्याची वा वाढविण्याची पद्धत खेळाच्या नियमांत आणावी लागली. पण नीट पाहिलें तर त्या मुलाचें सुवर्णपदक १११ मीटरांच्या उडींत जितकें आहे, तितकेंच ८७.५ मीटरांच्या उडींत आहे. पहिल्या उडीनें त्याला आकाशांत चढविलें हें खरें. परंतु दुसऱ्या वेळीं सारें प्रतिकूल झालें असतां त्यानें हातपाय गाळले असते, उतरतांना तोल किंचित् जाऊं दिला असता, तर तो एक दशांश गुण उरलाच नसता. लोकांच्या आठवणींत पहिली उडी राहिली. पदक राखलें तें दुसऱ्या, साध्या उडीनें.

इतकें बोलून मी थांबलों, तों आंतल्या खोलींतून प्रश्न आला, "आणि तो दुसरा? त्याचें पुढें काय झालें?" मुलगा केव्हांचा ऐकत होता तर!

त्या दुसऱ्याची कथा खरोखर ऐकण्यासारखी आहे. श्टायनर लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर होता. सॅपोरोनंतर दोन महिने उलटण्याच्या आंतच, मार्च १९७२ मध्यें, प्लानिका येथें याहूनही प्रचंड टेकडीवरील लांब उड्डाणांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती श्टायनरनें जिंकली. पुढें १९७७ मध्यें नॉर्वेंतील विकरसुंड येथें तेंच जगज्जेतेपद त्यानें पुन्हां मिळविलें. मध्यंतरीं १९७४ मध्यें प्लानिकालाच तो इतका दूर जाऊं लागला, कीं उतार संपून सपाटी जवळ येऊं लागली, व १७७ मीटरांवर तो कोसळला. माझ्याकरितां घसरणीची सुरुवात अधिक खालून ठेवा, अशी मागणी त्याला करावी लागली. वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकानें त्या दिवसांवर व या कारागिरावर एक बोलपट काढला आहे. तिकडे फोर्तुनाला ऑलिंपिकमध्यें दुसरें पदक कधींच मिळालें नाहीं. पण हिवाळी ऑलिंपिकमध्यें पोलंडला मिळालेलें पहिलें सुवर्णपदक त्याचेंच. दुसऱ्याकरितां त्या राष्ट्राला २०१० पर्यंत, म्हणजे ३८ वर्षें वाट पाहावी लागली. तेव्हां यांतला श्रेष्ठ कोण, हें मला ठरवितां येत नाहीं. आणि तें ठरविण्याची गरजही मला वाटत नाहीं.

क्रमांक लावावेच लागतात. तीन पायऱ्यांच्या व्यासपीठावर वरची पायरी एकाचीच असते. शाळेंतही पहिला एकच लिहावा लागतो. त्याबद्दल तक्रार नाहीं. तक्रार आहे ती आपल्या घरांतल्या वृत्तीविषयीं. संस्कृतांत एका गुणानें शंकरशेट शिष्यवृत्ति हुकल्याची गोष्ट दोन दोन पिढ्या सांगणारीं घरें आपणांस ठाऊक आहेत. त्या घरांतील माणसास किती संस्कृत येत होतें, हें मात्र कोणी सांगत नाहीं! गुण हें विद्येचें माप आहे, आणि प्रत्येक मापास त्याचा एक सर्वांत लहान भाग असतो. त्याहून बारीक गोष्ट त्या मापानें सांगतां येत नाहीं. अर्ध्या गुणानें पहिला व दुसरा ठरतो. शहाणा व मूर्ख ठरत नाहीं.

असो. मी निघालों तेव्हां मुलगा बाहेर येऊन बसला होता. स्नेह्यांनीं गुणपत्रिका घडी घालून कपाटांत ठेवली, आणि प्रथमच त्याला विचारलें, "बरें, तो चुकलेला प्रश्न कोणता होता, तो तरी दाखव." दोघेही मग पुस्तक उघडून बसले. निकालाच्या दिवशीं वडिलांनीं करावयाचा प्रश्न, माझ्या मतें, हाच होय.