पहिला वाढदिवस : केक किती आणि कोणासाठी?

नातवंड वर्षाचे होते तेव्हा घरातील सर्वांत मोठा आनंद बहुधा घरातील सर्वांत वयस्कर चेहऱ्यावर दिसतो. बारशाच्या दिवशी पाळण्यात निजलेले बाळ आता भिंतीच्या आधाराने उभे राहते आणि आपल्या चष्म्यावर झडप घालते. अशा वेळी ‘केक माझ्याकडून’ हे शब्द आजी-आजोबांच्या तोंडून सहज निघून जातात. मग मुलगा-सून किंवा लेक-जावई मोबाइलवर एक चित्र दाखवतात : दोन मजली केक, वर साखरेचा हत्ती, सभोवती ढग आणि चांदण्या, मध्ये बाळाचे नाव. त्या क्षणी किंमत विचारणे कमीपणाचे वाटते आणि प्रश्न मनातच राहतो. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक ज्येष्ठांचे उत्पन्न मोजके असते. कोणी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी एसटीतून, कोणी दूध संघातून. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले. शेतकरी कुटुंबातील आजींच्या हाती दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलातील थोडी रक्कम असते, तीही पेंडीचा हिशेब झाल्यावर. तीन हजारांचा केक म्हणजे किमान निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजोबांचे तीन महिने. ही रक्कम कोठून येते, हे घरात कोणी विचारत नाही. कधी ती रक्तदाबाच्या गोळ्यांमधून येते, कधी पुढे ढकललेल्या डोळ्यांच्या तपासणीतून. म्हणून पहिला नियम असा : महिन्याची औषधे, तपासणी आणि घरखर्च बाजूला काढल्यानंतर जे उरेल, त्यातूनच केकची रक्कम ठरवावी आणि मागणी नोंदवण्यापूर्वी ती मोकळेपणाने सांगावी. ‘माझ्याकडून बाराशे रुपये, त्यात जे सुंदर होईल ते करा,’ असे म्हणण्यात काहीही उणेपणा नाही. मुलांनाही आकडा कळला की चित्र निवडणे सोपे जाते.

आता मुख्य गोष्ट. केकचे अंदाजपत्रक चित्रापासून सुरू न करता खाणाऱ्यांपासून सुरू करावे. एक किलोच्या केकचे साधारण शंभर ग्रॅमचे दहा मोठे तुकडे होतात. समारंभात मात्र एवढा तुकडा क्वचितच संपतो. साठ ग्रॅमचा तुकडा पुरेसा असतो. चाळीस माणसे येणार असतील तर २,४०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो केक लागेल. जेवणात श्रीखंड किंवा बासुंदी असेल तर चाळीस ग्रॅमचा तुकडाही पुरतो आणि गरज १,६०० ग्रॅमवर येते. हा हिशेब न केल्यामुळेच कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी उरलेल्या केकचे डबे फिरतात.

हिशेबाचे एक उदाहरण पाहू. भाव गावागणिक वेगळे असतात, म्हणून येथील आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरावेत. नक्षीदार केकचा भाव किलोला १,२०० रुपये आणि साध्या केकचा ६०० रुपये आहे, असे मानू. अडीच किलोचा पूर्ण केक नक्षीदार घेतला तर ३,००० रुपये होतात. त्याऐवजी कापण्यासाठी एक किलोचा नक्षीदार केक घेतला आणि त्याच चवीचा दीड किलोचा साधा केक स्वयंपाकघरात कापून वाढला, तर १,२०० आणि ९०० मिळून २,१०० रुपये होतात. छायाचित्रात तोच हत्ती दिसतो, पाहुण्यांच्या ताटलीत तीच चव येते आणि ९०० रुपये वाचतात. दोन मजलेच हवे असतील तर वरचा मजला थर्माकोलचा, ज्याला व्यवसायात ‘डमी’ म्हणतात, करता येईल का, हेही विचारावे.

नक्षीदार केक महाग का असतो, हे समजून घेतले म्हणजे कात्री कोठे लावावी ते कळते. मैदा, साखर, लोणी, अंडी किंवा दूध यांचा खर्च त्यात असतोच. परंतु मोठा वाटा असतो हाताच्या कामाचा. साखरेच्या लगद्यातून, म्हणजे फॉन्डंटमधून, एक छोटा हत्ती घडवून वाळवायला आणि रंगवायला बराच वेळ लागतो. आज आपल्या तालुक्याच्या गावांतही अनेक गृहिणी घरच्या स्वयंपाकघरातून हे काम करतात. त्यांच्याशी भावासाठी घासाघीस करण्यापेक्षा नक्षी कमी करावी. हत्ती, ढग, चांदण्या आणि नाव या चारांपैकी दोनच गोष्टी ठेवल्या तरी केक देखणा होतो. गडद लाल, निळा किंवा काळा रंग येण्यासाठी खाद्यरंग अधिक वापरावा लागतो. फिकट रंगछटा निवडल्या तर तोही कमी होतो. फॉन्डंट वजनाने जड असतो आणि किलोच्या हिशेबात मोजला जातो, मात्र बहुतेक मुले तो सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, ही गोष्टही ध्यानात असू द्यावी.

आता ज्याच्यासाठी हा घाट, त्या बाळाकडे वळू. त्याला या केकची गरज जवळजवळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांच्या आहाराविषयी दिलेल्या मार्गदर्शनात अधिक साखर, अधिक मीठ आणि ट्रान्स फॅट असलेले पदार्थ देऊ नयेत, असे सांगितले आहे. आपला जिल्हा साखरेचा. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले आणि साखरेने येथील कित्येक घरांना स्थैर्य दिले. तिच्याविषयी कृतज्ञता जरूर असावी, पण वर्षाच्या बाळाच्या जिभेला तिची ओळख करून देण्याची घाई नसावी.

बाळासाठी वेगळा, तळहाताएवढा केक घरीच करता येतो. हे काम आजी उत्तम करू शकतात. अकोल्याच्या डोंगराळ भागात पिकणारी नाचणी येथे उपयोगी पडते. अर्धी वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन पिकलेली केळी कुस्करून, पाव वाटी ताजे दही, तीन-चार चमचे तूप आणि पाव चमचा खाण्याचा सोडा एकत्र करावा. लागेल तसे दूध घालून मिश्रण सैलसर करावे. तूप लावलेल्या भांड्यात ओतून इडलीप्रमाणे पंचवीस-तीस मिनिटे वाफवावे. सुरीचे टोक आत घालून स्वच्छ बाहेर आले की केक झाला. यात साखर, गूळ, मध काहीही घालू नये. केळ्याचा गोडवा बाळाला पुरेसा असतो. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाखवूही नये. त्यात कधी कधी असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. नाचणी, केळे, दही यांपैकी काही बाळाने अद्याप खाल्ले नसेल, तर वाढदिवसाच्या काही दिवस आधी एकेक पदार्थ थोडा देऊन पाहावा. समारंभाच्या गर्दीत नवा पदार्थ देऊ नये.

सजावटीबाबत आणखी एक दक्षता हवी. चंदेरी साखरमणी, सुके मेवे आणि कडक गोळ्या बाळाच्या घशात अडकू शकतात. साखरेच्या बाहुल्यांच्या आत काडी किंवा तार असते, ती कापण्यापूर्वी काढून मोजून ठेवावी. चमकीच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असले, म्हणजे ती खाण्याजोगी असतेच असे नाही. ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा. पेटत्या मेणबत्तीजवळ फेसाचा किंवा बर्फाचा फवारा कोणालाही उडवू देऊ नये. त्यातील वायू पेट घेऊ शकतो. या फवाऱ्यासाठी जाणारे पैसे अंदाजपत्रकातून खुशाल वगळावेत.

आता आपल्या स्वतःच्या ताटलीविषयी. जुन्या पद्धतीच्या पाउंड केकमध्ये मैदा, साखर, लोणी आणि अंडी समभाग असतात. म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा साखर. साठ ग्रॅमच्या तुकड्यात पंधरा ग्रॅम, सुमारे तीन चहाचे चमचे. क्रीम आणि फॉन्डंट असेल तर त्याहून अधिक. मधुमेह असलेल्यांनी दोन घासांचा तुकडा, शक्यतो क्रीम बाजूला काढून, जेवणानंतर घ्यावा आणि जेवणातील दुसरे गोड सोडावे. ‘शुगर-फ्री’ केकमध्ये मैदा असतोच, म्हणून तोही मोजूनच खावा. डॉक्टरांना न विचारता गोळी किंवा इन्सुलिन वाढवू नये. याहून मोठा धोका उशिराचा असतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतलेल्या ज्येष्ठांना केक कापण्याच्या प्रतीक्षेत रात्री नऊपर्यंत उपाशी ठेवले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. पक्षाघातानंतर किंवा वार्धक्यामुळे गिळण्यास त्रास होणाऱ्यांना कोरडा, भुसभुशीत केक ठसका लावू शकतो. त्यांना काय आणि कशा स्वरूपात द्यावे, हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. सांज होताच केक कापला तर बाळाची झोप, आजोबांचे औषध आणि सर्वांचे जेवण या तिन्ही गोष्टी वेळेवर होतात आणि त्यासाठी एक रुपयाही अधिक लागत नाही.

वाढदिवस उन्हाळ्यात असेल तर क्रीमची निवड हवामान पाहून करावी. दुधापासूनचे ताजे क्रीम आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांच्या उष्म्यात लवकर ढळते. क्रीमचा केक शीतपेटीबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभराहून नाही. नगरहून पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेडला केक न्यायचा असेल, तर वाहतुकीचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा. डबा मांडीवर न घेता गाडीच्या सपाट तळाशी ठेवावा. दुचाकीवर तर तो मुळीच नेऊ नये. असा खर्च आणि धोका विचारात घेतला, तर जवळच्या गावातील साधा केक अनेकदा दूरच्या नामांकित केकपेक्षा परवडतो आणि सुखरूप पोहोचतो.

मागणी नोंदवताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात, मोबाइलवरील संदेश असला तरी चालेल. केकचे वजन खालच्या पुठ्ठ्यासह आहे की त्याशिवाय. अंडे आहे की नाही. क्रीम दुधाचे की वनस्पती तेलाचे. शेंगदाणा, काजू, बदाम यांचा वापर आहे का. आगाऊ रक्कम किती, उरलेली केव्हा, बाळ आजारी पडून समारंभ पुढे गेला तर काय. विक्रेत्याचा अन्नसुरक्षेचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. सांगितलेल्या भावात कर धरला आहे का, हेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक आणि पेस्ट्रीवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तीन हजारांच्या केकवर पूर्वी ५४० रुपये कर होता, तो आता १५० रुपये होतो. पावतीवर जुना दर दिसला तर लगेच विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना एक विनंती. चित्र दाखवण्यापूर्वी आई-वडिलांना विचारा की त्यांच्या मनात किती रक्कम आहे. त्यांनी मोठा आकडा सांगितला, तर या महिन्याची औषधे आणली का, हेही हळूच पाहून घ्या. नातवाच्या कौतुकापायी स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करणारी पिढी ती. तिला थांबवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. रक्कम थोडी असेल तर बाळाचा छोटा नाचणीचा केक आजींच्या हातचा आणि समारंभाचा केक तुमच्याकडून, अशी वाटणी करा. त्यात कोणाचाच मान कमी होत नाही.

औक्षणाला तर अंदाजपत्रकच लागत नाही. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू आणि घरातील ज्येष्ठ स्त्रीचे हात पुरतात. केकपूर्वी ते आवर्जून करावे. तोवर एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा : माणसे किती, ग्रॅम किती, औषधे बाजूला काढून उरलेली रक्कम किती आणि बाळाचा केक कोण करणार. हा कागद घरातील सर्वांना दाखवा आणि त्यानंतरच केकची मागणी नोंदवा.